समोर एकजण ऑल-इन असताना उरलेल्या दोघांत बेट मारावी का?

तुमचा पोकर टूर्नामेंटमधला डाव आधी थोडक्यात परत मांडतो, कारण यातले आकडे पुढे लागणारेत. चौघं उरलेत, बक्षीस तिघांना, ५०-३०-२० टक्के. मोठ्या स्टॅककडे (सर्वात जास्त चिप्सवाल्याकडे) ४०००, तुमच्याकडे ३०००, तिसऱ्याकडे २००० आणि शॉर्ट स्टॅककडे १०००, ब्लाइंड (दोघांना आधीच सक्तीने लावावे लागणारे चिप्स) १००-२००. शॉर्टने १००० ऑल-इन टाकले (होते तेवढे सगळे लावले), मोठ्याने बटनवरून (डीलरच्या जागेवरून) कॉल केला म्हणजे तेवढेच भरले, तिसऱ्याने पानं टाकली आणि तुम्ही बिग ब्लाइंडवर गुलाम-दश्शी घेऊन कॉल केला. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं) राजा-नव्वी-चव्वी, दोघांचंही चेक, म्हणजे काही न लावता पुढे. टर्नला (चौथ्या पानाला) दुर्री आली, तुम्ही ८०० मारले, मोठ्याने पानं टाकली. शॉर्टने उघडली तर एक्का-छक्की, साधी जोडीसुद्धा नाही. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) सत्ती आली आणि एक्का हायवर (जोडी नसताना नुसत्या एक्क्यावर) तो तिप्पट होऊन बसला. मग मोठा चिडला की मी नव्वीची जोडी टाकली तुझ्यामुळे, चेक डाऊन (बेट न मारता शेवटपर्यंत चेक) करायचं असतं एवढं कळत नाही का. आणि तुमचं म्हणणं असं की फ्लॉपला त्याने चेक केलं म्हणजे कमजोर दिसला, मी ब्लफ मारला, ब्लफ चालला, मग माझं चुकलं काय आणि हा चेक डाऊनचा नियम नक्की कुठे लिहिलाय.

नियम कुठेच लिहिलेला नाही. पण ब्लफ चुकलाच, आणि तो नियम मोडला म्हणून चुकला असं नाही. घोळ "ब्लफ चालला" या शब्दांत आहे. नेहमीच्या डावात ब्लफ चालला म्हणजे समोरचा उठला (पानं टाकली) आणि पॉट तुमच्याकडे आला. इथे समोरचा उठल्यावर तुमच्याकडे काय आलं? काहीच नाही. मेन पॉट ३००० चा, त्यात शॉर्टचा पूर्ण हक्क आहे आणि तो ऑल-इन असल्यामुळे त्याला कोणीच उठवू शकत नाही. तुमच्यात आणि मोठ्यात जो साइड पॉट (शॉर्टच्या १००० च्या वर दोघांनी लावलेल्या चिप्सचा वेगळा पॉट) होता त्यात त्या क्षणाला शून्य चिप्स होत्या, यालाच आम्ही ड्राय साइड पॉट म्हणतो. म्हणजे ८०० लावून तुम्ही शून्याचा पॉट जिंकलात आणि बरोबर बक्षीस म्हणून शॉर्टशी एकट्याने भिडायचा मान मिळाला, तोसुद्धा गुलाम हाय घेऊन.

आकड्यात बघा. नेहमीच्या डावात ३००० च्या पॉटवर ८०० चा ब्लफ मारला तर १०० पैकी साधारण २१ वेळा समोरचा उठला तरी पैसे वसूल (८०० भागिले ३८००). इथे मोठा उठल्यावर तुमचा वाटा किती उरतो? शॉर्टकडे नुसता एक्का हाय असेल तर तुम्हाला राणी (सलग पाच पानं होतात), गुलाम किंवा दश्शी हवी, म्हणजे ४४ पानांतली १०, साधारण २३ टक्के. त्याच्याकडे राजाची जोडी असेल तर फक्त चार राण्या, ९ टक्के. मधला १५ टक्के धरू. ३००० चे १५ टक्के म्हणजे ४५०. म्हणजे तुम्ही ८०० लावताय ते ४५० साठी, आणि त्यासाठी समोरचा १०० त ६४ वेळा उठायला हवा. शिवाय या ४५० मधला थोडा भाग चेक करूनही तुमचाच होता, राणी आली असती तर दोघांनाही मारलं असतंत. हे सगळं अजून नुसत्या चिप्सच्या हिशोबात आहे, म्हणजे बबल (पुढे जो बाहेर जाईल त्यालाच बक्षीस नाही अशी वेळ) नसता तरीही हा ब्लफ फारसा बरा नव्हता. बबलवर तर तो उरलाच नाही.

बबलवर चिप्स आणि पैसे एकाच मापाने मोजता येत नाहीत. त्यासाठी जे गणित वापरतात त्याला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. मूळ कल्पना घोड्यांच्या शर्यतीवरून आलीये, हार्विल यांनी १९७३ साली मांडलेली, आणि मेसन माल्मथ यांनी १९८७ मध्ये तीच पोकरसाठी स्वतंत्रपणे मांडली. कल्पना सोपी आहे, पहिलं येण्याची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला तुमचा वाटा, मग जो पहिला आला त्याला बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्यासाठी तेच, मग तिसऱ्यासाठी तेच. यात कोण किती चांगला खेळतो, बटन कुठे आहे, ब्लाइंड कधी वाढणार यातलं काहीच धरलेलं नसतं, त्यामुळे उत्तर देववाणी समजू नका, पण दिशा चांगली दाखवतं.

तुमच्या डावाला तीनच शेवट होते. एकूण बक्षीस १०० धरा आणि स्मॉल ब्लाइंडचे १०० चिप्स मी सोडून देतोय.

मोठा जिंकला असता तर शॉर्ट बाहेर, मोठा ६०००, तुम्ही २०००, तिसरा २०००. तुमच्या चिप्सची किंमत २९.५.

तुम्ही जिंकला असता तर मोठा ३०००, तुम्ही ५०००, तिसरा २०००. किंमत ३८.४.

शॉर्ट जिंकला, जे झालं, तर मोठा ३०००, शॉर्ट ३०००, तुम्ही आणि तिसरा प्रत्येकी २०००. किंमत २१.८.

पहिला आणि तिसरा शेवट शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे तुमच्यासमोर २००० च चिप्स आहेत, एक चिप इकडची तिकडे नाही. तरी एकाची किंमत २९.५ आणि दुसऱ्याची २१.८, कारण एकात तुम्ही बक्षिसात आहात आणि दुसऱ्यात अजून चौघं टांगलेले. मोठ्याच्या हातात नव्वीची जोडी होती, ती तुमच्यासाठी फुकटात काम करत होती आणि तुम्हीच तिला घरी पाठवलंत. एकूण बक्षिसाच्या ७.७ टक्के तिथे गेले. आणि तो तिसरा, जो पानं टाकून नुसता बघत होता, त्याचेही बरोबर तेवढेच गेले. मोठ्याची किंमत ४१ वरून २८.२ वर आली म्हणजे त्याचे १२.८ गेले, म्हणून त्याचा आवाज सगळ्यात मोठा. तिघांचं मिळून २८.२ झालं, आणि ते सगळं शॉर्टच्या खिशात, जो बिचारा पिशवी उचलायच्या तयारीत होता.

चेक डाऊन म्हणतात त्यामागे एवढंच आहे. शॉर्टला दोन हात मारायला जास्त समर्थ असतात एका हातापेक्षा. एक्क्यांची जोडीसुद्धा एका कुठल्याही हाताविरुद्ध साधारण ८५ टक्के जिंकते, दोघांविरुद्ध ७३ आणि तिघांविरुद्ध ६४, पण ही घसरण तेव्हाच होते जेव्हा सगळे शेवटच्या पानापर्यंत थांबतात. मध्येच कोणी कोणाला उठवलं की ऑल-इनवाल्याचा टक्का आपोआप वर जातो आणि त्याला त्यासाठी एक चिपही मोजावी लागत नाही.

आता इथेच बरेच लोक थांबतात आणि "कोणी ऑल-इन असेल तर कायम चेक" असं पाठ करून टाकतात. मीही केलं होतं. एका फायनल टेबलला माझ्याकडे फ्लॉपलाच दोन जोड्या होत्या आणि मी सभ्यपणे चेक, चेक करत बसलो, दुसऱ्याला रिव्हरला फुकटात फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागला. शॉर्ट गेला, पॉट त्याच्याकडे गेला आणि मी वर त्याला "नाइस हँड" म्हणून आलो. तुमच्या टेबलच्या आकड्यांत बघितलं तर ते ३८.४ सोडून २९.५ घेणं आहे, म्हणजे जवळपास ९ टक्के नुसत्या सभ्यपणापायी.

त्यामुळे खरा प्रश्न असा विचारायचा: हा उठला आणि त्याचा हात नाहीतरी शेवटी जिंकणारच होता असं धरलं, तर त्याच्या जागी कोण जिंकणार, मी की शॉर्ट? मी जिंकणार असेन तर २९.५ चे ३८.४ झाले, फायदा ८.९. शॉर्ट जिंकणार असेल तर २९.५ चे २१.८, तोटा ७.७. याचा तराजू साधारण ४६ टक्क्यांवर समतोल होतो. म्हणजे शॉर्टच्या पुढे मी निम्म्याच्या आसपास किंवा जास्त वेळा असेन तर दुसऱ्याला उठवण्यात निदान गुन्हा नाही, आणि मी १५ टक्के असेन तर मी स्वतःच्या पायावर धोंडा मारतोय. तुमच्याकडे गुलाम-दश्शीऐवजी राजा-दश्शी असती तर मी म्हणालो असतो की बिनधास्त मारा, कोणी ओरडला तर ओरडू द्या.

मधल्या हातांचं मात्र सांगणं कठीण आहे, आणि इथे परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. समजा तुमच्याकडे नव्वी-अठ्ठी होती. पाच ब्लाइंड उरलेला माणूस एक्का-काहीही घेऊन ऑल-इन टाकतो, त्यामुळे त्याच्यापुढे तुम्ही बऱ्याचदा असाल, तराजूचा तो भाग ठीक. पण बेट मारल्यावर उठतो कोण आणि थांबतो कोण ते बघा. ड्राय साइड पॉटमध्ये बेट आली की जाणता माणूस समजतो की याच्याकडे खरंच काहीतरी आहे, आणि तो नव्वीपर्यंतचं सगळं टाकतो. जो कॉल करतो त्याच्याकडे राजा असतो, म्हणजे तुम्ही हरलेल्या जागी अजून चिप्स घातल्यात, त्याही २००० पैकी, त्याही बबलवर. म्हणून मधल्या जोडीला मी बहुतेकदा चेकच करतो. अपवाद म्हणजे बोर्ड ओला असेल, दोन-तीन पानं एका रंगाची किंवा लागोपाठची, आणि दुसऱ्याकडे नुसते ओव्हरकार्ड (तुमच्या जोडीपेक्षा मोठी सुटी पानं) असण्याची शक्यता दाट असेल, तर ३००-४०० ची छोटी बेट. इथे मोठी बेट मारून काही जास्त मिळत नाही, जो उठायचा तो ३०० लाही उठतो.

यावरून एक उलटी गोष्टही निघते. टूर्नामेंटच्या सुरुवातीला, बक्षीस लांब असताना, कोण बाहेर गेलं याने तुम्हाला विशेष फरक पडत नाही. तिथे मोठा जिंकला काय आणि शॉर्ट जिंकला काय, तुमच्यासाठी पॉट गेला तो गेलाच. मग तिथे चेक डाऊन करून दुसऱ्याला फुकट पानं दाखवण्यात काय अर्थ? पण लोक सवयीने तिथेही चेक करतात आणि तिथेही कोणी बेट मारली की घाबरून टाकतात. मी सुरुवातीच्या लेव्हल्सला मधली जोडी घेऊन अशा वेळी बऱ्याचदा मारतो आणि सहा आउटवाले (हात सुधारणारी सहाच पानं उरलेले) ओव्हरकार्ड निमूट जातात. अर्थात काहीच नसताना तिथेही नाही, ते ८०० लावून ४५० चं गणित तिथेही लागू आहे.

साइड पॉट ड्राय नसेल तर वेगळंच प्रकरण. समजा शॉर्टच्या १००० वर कोणीतरी रेज केलं (बेट वाढवली) आणि दोघांमध्ये आधीच २४०० चा साइड पॉट झालाय. आता ब्लफ चालला तर निदान २४०० लगेच तुमचे, शॉर्टने मेन पॉट नेला तरी. तिथे खेळ बराचसा नेहमीसारखा खेळायचा, फक्त बबलची भीती डोक्यात ठेवून. ऑनलाइन खेळताना स्क्रीनवर दोन आकडे वेगळे दिसतात पण बरेच जण एकूण बघतात आणि "पॉट ३००० चा आहे" म्हणून त्या हिशोबाने बेट मारतात. बटन दाबायच्या आधी साइड पॉटचा आकडा बघायची सवय लावा, शून्य असेल तर हात आखडता.

बाउंटीवाल्या टूर्नामेंटमध्ये हे सगळं बरंच फिरतं. शॉर्टच्या डोक्यावरचं बक्षीस त्याच्या चिप्सचा पॉट जिंकणाऱ्याला मिळतं, त्यामुळे "तो गेला पाहिजे" एवढं पुरत नाही, माझ्या हातून गेला पाहिजे. तिथे दुसऱ्याला उठवून एकट्याने भिडण्याला खरी किंमत आहे आणि कोणी तुमच्याकडून चेक डाऊनची अपेक्षा ठेवणंही भाबडेपणाचं. सॅटेलाइट (मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायची टूर्नामेंट) त्याच्या बरोबर उलट टोकाला. तिथे वरच्या सगळ्यांना सारखंच तिकीट, पहिला आलात म्हणून जास्त काही नाही, त्यामुळे जास्त चिप्सना किंमतच नाही आणि एकेक माणूस कमी होण्यालाच किंमत. तिथे मी चांगला हात घेऊनही चेक करतो, आणि स्टॅक सुरक्षित असेल तर एक्क्यांची जोडी प्री-फ्लॉप (फ्लॉप यायच्या आधी) टाकणंसुद्धा बरोबर ठरू शकतं, ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी.

तुम्ही विचारलं नाहीये पण याच डावात एक निर्णय आधी होता, प्री-फ्लॉपचा. शॉर्टने टाकले, मोठ्याने नुसता कॉल केला आणि तुमच्याकडे मोठा हात आहे, तर रेज करून मोठ्याला बाहेर काढायचं की कॉल करून आत ठेवायचं? पहिल्या दर्जाचे हात, राजा-राजा वगैरे, असतील तर मी ऑल-इन टाकतो. गुलाम-दश्शीसारखे असतील तर नुसता कॉल, तुम्ही केलात तसा, ८०० भरून २३०० साठी, भाव चांगलाच होता. सगळ्यात वाईट म्हणजे मधलं काहीतरी, एक्का-आठ घेऊन "आयसोलेट करतो" (शॉर्टशी एकटाच भिडतो) म्हणत मोठ्यावर ऑल-इन टाकणं. तो टाकणार चांगल्यापैकी हात जे शॉर्टला मारू शकले असते, आणि कॉल करणार फक्त तुम्हाला मारणारे. अजून एक, रेज करायची मुभाच नसते अशीही वेळ येते. समजा तुम्ही आधी २०० च्या ब्लाइंडवर ५०० केले, शॉर्टने एकूण ६५० ऑल-इन टाकले आणि मोठ्याने कॉल केला. शॉर्टने वाढवलेले १५० हे पूर्ण रेजपेक्षा कमी (पूर्ण म्हणजे ३००), त्यामुळे तुमच्यासाठी बेटिंग परत उघडत नाही, तुम्ही फक्त कॉल किंवा फोल्ड. हे माहीत नसल्यामुळे लोक आधी नुसता छोटा रेज करतात आणि मग आयसोलेट करायचा विचार करत बसतात.

आता त्या भांडणाबद्दल. दोघांनी मनातल्या मनात चेक करणं पूर्णपणे चालतं. पण डाव चालू असताना "चेक करत जाऊया का" असं तोंडाने म्हणणं, चॅटमध्ये लिहिणं, किंवा टेबलावर बोटाने ठोकून डोळा मारणं हे संगनमत आहे आणि त्याला पेनल्टी लागू शकते. एक हात, एकच खेळाडू, हे सगळीकडे मूळ तत्त्व आहे. त्याची दुसरी बाजूही असते. रिव्हरला शेवटची चाल तुमची आहे, हातात बोर्डवरचा सर्वात मोठा हात आहे आणि तुम्ही "सभ्यपणाने" चेक केलं, तर बऱ्याच ठिकाणी तेही सॉफ्ट प्ले (समोरच्याला मुद्दाम सोडून खेळणं) म्हणून धरतात. तिथे मारण्यात तोटाही नाही, मेन पॉट तुमचाच आहे, समोरच्याने कॉल केला तर वरचं जास्तीचं.

मोठ्याने "मी नव्वी टाकली" हे कधी सांगितलं हेही बघा. रिव्हर यायच्या आधी सांगितलं असेल तर तीसुद्धा चूक त्याचीच, डाव संपायच्या आत टाकलेल्या पानांबद्दल बोलायचं नसतं. आणि खरं सांगू का, त्याने ती नव्वी टाकायला नको होती असंही नाही, तुमच्या बेटचा त्याने मान राखला, कारण शुद्धीवरचा माणूस तिथे काही नसताना बेट मारत नाही असं त्याने धरलं. तुम्ही माफी वगैरे मागायची गरज नाही. फक्त पुढचे काही तास तो तुमच्या बेटला सहज उठणार नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे ज्या डावात तुमच्याकडे खरंच राजा असेल त्यात थोडी मोठी मारा.